पिकअपच्या इंजिनातील टायमिंग चेनचे गाइड बदलताना

बेल्टऐवजी चेन असलेले इंजिन घेतले म्हणजे टायमिंगची, म्हणजे पिस्टन आणि व्हॉल्व्ह यांच्या हालचालींचा मेळ राखण्याची, काळजी कायमची मिटली, असे अनेक पिकअपमालक धरून चालतात, आणि चेनपुरते ते बऱ्याच अंशी खरेही आहे. पोलादी चेन सहसा अचानक तुटत नाही. मात्र ती ज्या वाटेने धावते ती वाट प्लॅस्टिकची असते, याकडे लक्ष जात नाही. चेनच्या ओढणाऱ्या बाजूला स्थिर गाइड असतो, सैल बाजूला हलणारा आर्म असतो आणि त्या आर्मला मागून ऑइलच्या दाबावर चालणारा टेन्शनर रेटत असतो. गाइड आणि आर्म या दोन्हींचा चेनला लागणारा पृष्ठभाग नायलॉनसारख्या प्लॅस्टिकचा असतो. गरम आणि जुन्या ऑइलमध्ये वर्षानुवर्षे राहून तो कडक व ठिसूळ होतो, त्याला तडे जातात, आणि एखाद्या सकाळी त्याचा तुकडा निखळून चेंबरमध्ये, म्हणजे इंजिनाच्या तळाशी ऑइल साठवणाऱ्या भांड्यात, पडतो.

नाशिक परिसरात पिकअप ज्या पद्धतीने राबवली जाते, ती पद्धत या प्लॅस्टिकला विशेष मारक आहे. पिंपळगाव बसवंत किंवा लासलगावच्या बाजार समितीत लिलावाच्या रांगेत गाडी तासन् तास इंचाइंचाने सरकते. इंजिन चालू असते, ऑइल खराब होत असते, पण किलोमीटर वाढत नाहीत. केवळ किलोमीटरचा आकडा पाहून ऑइल बदलणाऱ्याला आपल्या ऑइलचे आयुष्य कधीच संपले आहे हे कळत नाही. मग मुंबईहून परतीचा माल भरून कसारा घाट चढताना तेच ऑइल आणखी तापते. काजळीने भरलेले ऑइल टेन्शनरच्या बारीक छिद्रातून वेळेवर पोहोचत नाही, चेन क्षणभर सैल राहते आणि ठिसूळ झालेल्या गाइडवर आपटते. म्हणजे गाइड तुटला असे वरवर दिसत असले, तरी मूळ दुखणे बहुतेक वेळा ऑइलचे असते.

काम हाती घेण्यापूर्वी आपल्या इंजिनात चेन आहे की नाही, हे मॅन्युअलमध्ये पाहून घ्यावे. टोयोटा हायलक्सच्या २.८ लिटर डिझेलमध्ये आणि महिंद्राच्या २.२ लिटर एमहॉकमध्ये चेन आहे. इतर अनेक इंजिनांत बेल्ट किंवा गिअर असतात. पुढील माहिती इंजिन उभे बसवलेल्या, म्हणजे रेडिएटरच्या बाजूला चेन असलेल्या पिकअपसाठी आहे. ज्या इंजिनांत चेन गिअरबॉक्सच्या बाजूला असते, तिथे गिअरबॉक्स किंवा सबंध इंजिन उतरवावे लागते आणि ते काम घरच्या अंगणात करू नये.

आवाज ओळखणे

गाइड किंवा टेन्शनर गेल्याची पहिली खूण म्हणजे रात्रभर उभी असलेली गाडी सकाळी सुरू करताच पुढच्या बाजूने येणारा खडखडाट. ऑइलचा दाब तयार झाला की तो आवाज थांबतो, म्हणूनच त्याकडे दुर्लक्ष होते. निफाडची डिसेंबरातली पहाट या तपासणीसाठी फार सोयीची आहे, कारण थंडीत ऑइल घट्ट असते, ते टेन्शनरपर्यंत उशिरा पोहोचते आणि आवाज नेहमीपेक्षा लांबतो. जानेवारीपासून द्राक्षांच्या फेऱ्या सुरू होणार असतील, तर डिसेंबरात ऐकलेला आवाज त्याच महिन्यात निकाली काढावा. हंगामाच्या मध्यात चेनने दात सोडला, तर बहुतेक इंजिनांत पिस्टन व्हॉल्व्हवर आपटतात आणि मग गाइडचे काम हेडच्या, म्हणजे सिलिंडरवरच्या व्हॉल्व्ह असलेल्या भागाच्या, कामात बदलते.

डिझेल इंजिनात आवाजावरून फसगत होणे सोपे आहे. इंजेक्टरची ठकठक, टॅपेटची टिकटिक आणि अल्टरनेटरच्या बेअरिंगची घरघर ही सर्व पुढूनच येते असे वाटते. बाहेरचा बेल्ट काढून इंजिन अगदी काही सेकंद चालवले आणि आवाज तसाच राहिला, तर अल्टरनेटर, आयडलर व बेल्टवर चालणारा वॉटर पंप हे संशयातून सुटतात. बेल्टशिवाय इंजिन याहून जास्त वेळ चालवू नये, कारण अनेक गाड्यांत वॉटर पंप त्याच बेल्टवर असतो. त्यानंतर मेकॅनिकचा स्टेथोस्कोप किंवा लांब स्क्रू ड्रायव्हर टायमिंग कव्हरवर टेकवून ऐकावे. हे करताना सैल बाही व मफलर फिरत्या भागांपासून दूर ठेवावेत.

स्कॅनर उपलब्ध असल्यास पी००१६ हा कोड आहे का ते पाहावे. क्रँक (पिस्टनने फिरणारा दांडा) आणि कॅम (व्हॉल्व्ह उघडणारा दांडा) यांच्या स्थितीचा मेळ बसत नाही, असा त्याचा अर्थ आहे. चेन ताणली गेली किंवा एखादा दात पुढे सरकला, तर तो येऊ शकतो; पण तो सेन्सरच्या बिघाडानेही येतो, म्हणून केवळ कोडवर विसंबून इंजिन उघडू नये. माझ्या मते सर्वांत खात्रीचा पुरावा ऑइलमध्येच मिळतो. ऑइल स्वच्छ फडक्यातून गाळून काढावे आणि जुना फिल्टर कापून त्याच्या घड्या उलगडून पाहाव्यात. तपकिरी किंवा काळ्या प्लॅस्टिकचे कण सापडले, की वाद संपला. चांदीसारखी चमकणारी अॅल्युमिनियमची भुकटी दिसली, तर चेन कव्हरला घासू लागली आहे असे समजावे आणि गाडी त्या क्षणापासून चालवू नये.

कव्हरला घासण्याचा प्रकार किती दूर जातो, याचे जुने आणि प्रसिद्ध उदाहरण टोयोटाच्या २२आर मालिकेतील पेट्रोल इंजिनांचे आहे. ही इंजिने अमेरिकेत पिकअपमध्ये मोठ्या प्रमाणावर वापरली गेली. १९८३ च्या सुमारास त्यांत दुपदरी चेनऐवजी एकपदरी चेन आणि प्लॅस्टिकचे गाइड आले. गाइड तुटल्यावर चेन टायमिंग कव्हर कापत कापत कूलंटच्या मार्गापर्यंत पोहोचे आणि कूलंट ऑइलमध्ये मिसळे. पुढे तिथल्या बाजारात पोलादी पाठीचे गाइड विकले जाऊ लागले. आपल्या गाडीचे इंजिन वेगळे असले, तरी ऑइल दुधाळ दिसत असेल आणि कूलंट कमी होत असेल, तर हेड पॅकिंगला दोष देण्याआधी टायमिंग कव्हर आतून पाहणे शहाणपणाचे ठरते.

सुटे भाग

फक्त तुटलेला गाइड बदलून बाकी सर्व जुने ठेवण्याचा मोह होतो, कारण गाइडची किंमत थोडी आणि चेन-टेन्शनरची जास्त असते. पण इंजिन पुढून उघडण्याची मेहनत दोन्ही वेळा सारखीच लागते. गाइड, आर्म, टेन्शनर, चेन, क्रँकचे पुढचे ऑइल सील, कव्हरचे पॅकिंग व ओ-रिंग, टॅपेट कव्हरचे पॅकिंग आणि मॅन्युअलमध्ये एकदाच वापरण्याचे सांगितलेले बोल्ट, एवढे सर्व एकदम आणावे. स्प्रॉकेटचे, म्हणजे चेन ज्यांवर फिरते त्या दातेरी चाकांचे, दात एका बाजूला झुकून आकड्यासारखे झाले असतील, तर तीही बदलावीत. झिजलेल्या दातांवर नवी चेन फार दिवस टिकत नाही. नाशिकमधील द्वारका किंवा मुंबई नाका परिसरात स्पेअर घेताना इंजिन क्रमांक सोबत ठेवावा, कारण एकाच नावाच्या गाडीत वर्षानुसार भाग बदलतात. नवा भाग हाती आल्यावर जुन्याशेजारी ठेवून भोकांमधील अंतर, जाडी आणि वळण ताडून पाहावे, तसेच नवी व जुनी चेन एकाच खिळ्याला लटकवून लांबी पाहावी. नव्या चेनच्या कड्या मोजून त्या जुनीइतक्याच आहेत याची खात्री करणे कंटाळवाणे असले, तरी आवश्यक आहे.

हत्यारांपैकी टॉर्क पाना, कोन मोजण्याचे साधन, पुली ओढण्याचा पुलर आणि त्या इंजिनासाठी ठरलेल्या लॉकिंग पिना यांना पर्याय नाही. पिना विकत घेणे महाग वाटत असेल, तर अंबड किंवा सातपूरच्या औद्योगिक वसाहतीतून मापाने वळवून घेता येतात, पण माप अचूक हवे. सैल पिनेने केलेले टायमिंग हे अंदाजाने केलेले टायमिंग असते.

उघडण्याचे काम

गाडी सपाट, पक्क्या जमिनीवर उभी करून इंजिन पूर्ण थंड होऊ द्यावे. बॅटरीची ऋण तार काढावी, कूलंट व ऑइल काढून घ्यावे आणि पुढचा भाग जॅकवर न ठेवता लोखंडी स्टँडवर टेकवावा. त्यानंतर फॅन, त्याचे आवरण, बाहेरचा बेल्ट आणि गरज असल्यास रेडिएटर काढून पुढे मोकळी जागा करावी. काही गाड्यांत फॅनच्या मधल्या नटचे आटे उलटे असतात, म्हणून तो जोर लावून तोडण्याआधी कोणत्या दिशेने सुटतो ते पाहावे. प्रत्येक वायर व पाइप काढताना फोटो घ्यावा. टायमिंग कव्हरचे बोल्ट वेगवेगळ्या लांबीचे असतात. पुठ्ठ्यावर कव्हरचा आकार काढून प्रत्येक बोल्ट त्याच्या जागी खोचून ठेवला, तर जोडताना लांब बोल्ट आखूड भोकात जाऊन ब्लॉक फुटण्याची भीती राहत नाही.

टॅपेट कव्हर काढून क्रँक फक्त इंजिन चालते त्याच दिशेने हाताने फिरवावा आणि पहिला सिलिंडर कॉम्प्रेशनच्या टीडीसीवर, म्हणजे पिस्टन सर्वांत वर असलेल्या जागी, आणावा. पुलीवरची खूण जुळली, एवढ्यावर थांबू नये. क्रँक दोन वेळा फिरतो तेव्हा कॅम एकदा फिरतो, त्यामुळे पुलीची खूण कॉम्प्रेशनच्या टोकाला जशी जुळते तशीच एक्झॉस्टच्या टोकालाही जुळते. पहिल्या सिलिंडरचे सर्व व्हॉल्व्ह बंद आहेत आणि कॅमच्या खुणा मॅन्युअलमधील चित्राप्रमाणे आहेत, हे पाहूनच लॉकिंग पिना घालाव्यात. त्याच वेळी चेन, स्प्रॉकेट आणि ब्लॉक यांच्यावर रंगाने स्वतःच्या खुणाही कराव्यात.

क्रँक पुलीचा बोल्ट हा या कामातला सर्वांत अवघड बोल्ट असतो. तो सोडवताना लॉकिंग पिनेवर जोर येऊ देऊ नये. पिन क्रँकची जागा दाखवण्यासाठी असते, ताकद झेलण्यासाठी नसते. ती वाकली किंवा तुटली, तर ब्लॉकचेही नुकसान होते. फ्लायव्हील अडवण्याचे योग्य साधन लावावे आणि लांब दांड्याने बोल्ट सोडवावा. दांडा चासीला टेकवून सेल्फ मारण्याची पद्धत काही गॅरेजमध्ये चालते. ती हाताच्या हाडांसाठी आणि क्रँकसाठी सारखीच धोकादायक आहे आणि टायमिंग लॉक असताना तर ती मुळीच वापरू नये. आणखी एक बाब आधी तपासावी: काही इंजिनांत क्रँकचे स्प्रॉकेट चावीवर (खाचेत बसणाऱ्या धातूच्या तुकड्यावर) न बसता केवळ या बोल्टच्या दाबाने धरलेले असते. अशा इंजिनात बोल्ट सैल होताच टायमिंग मोकळे होते, म्हणून पिना आधी बसलेल्या असल्याच पाहिजेत.

कव्हर काढताना ते खाली चेंबरला आणि काही इंजिनांत वर हेड पॅकिंगलाही चिकटलेले असते. स्क्रू ड्रायव्हर कुठेही खुपसून ते उचकटले, तर हेड पॅकिंगची कड फाटते आणि दिवसभराचे काम आठवडाभराचे होते. कव्हरला उचकटण्यासाठी ठरावीक कान दिलेले असतात. तिथेच हळूहळू, आळीपाळीने जोर द्यावा. चिकटलेली कड पातळ पात्याने आधी मोकळी करून घ्यावी.

कव्हर निघाल्यावर टेन्शनरचा दट्ट्या हळूहळू आत दाबून त्याच्या भोकात बारीक पिन घालावी, टेन्शनर काढावा, मग आर्म, चेन आणि शेवटी स्थिर गाइड. व्हॉल्व्हच्या स्प्रिंगांच्या दाबाने मोकळा झालेला कॅम एकदम उसळू शकतो, म्हणून कॅमवर षट्कोनी जागा असेल तर तिथे पाना धरून ठेवावा. चेन नसताना क्रँक किंवा कॅम स्वतंत्रपणे फिरवू नये.

तुकड्यांचा हिशोब

गाइड बदलणे हे या कामातले त्या मानाने सोपे अंग आहे. दोन बोल्ट किंवा दोन पिनांवर तो बसतो आणि निघतो. ज्याने काम केले त्याची परीक्षा पुढच्या पायरीला होते. निघालेले जुने गाइड स्वच्छ कागदावर ठेवून त्यांचे सर्व तुकडे एकमेकांना जोडून पाहावेत. नवा गाइड शेजारी ठेवला की जुन्यातला कोणता भाग गहाळ आहे ते लगेच दिसते. तो गहाळ भाग इंजिनातच कुठेतरी आहे आणि तो सापडेपर्यंत इंजिन पुन्हा जोडू नये.

बहुतेक तुकडे चेंबरमध्ये मिळतात, त्यामुळे चेंबर उतरवणे टाळू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. फोर व्हील ड्राइव्ह पिकअपमध्ये पुढचा अॅक्सल आड येतो आणि इंजिन माउंटिंग सोडवून इंजिन थोडे उचलावे लागते; तरीही ते करावे. ऑइल पंपाच्या तोंडाशी असलेली जाळी काढून उजेडात धरावी. प्लॅस्टिकचे कण जाळीत अडकून राहिले, तर गाडी रिकामी चालवताना सर्व ठीक वाटते, पण भार घेऊन चढ चढताना ऑइलचा दाब पडतो आणि बेअरिंग जातात. दुरुस्तीनंतर थोड्याच दिवसांत इंजिन बसल्याच्या ज्या तक्रारी ऐकू येतात, त्यांत नवा गाइड निर्दोष असतो आणि जाळी मात्र कोणी उघडलेली नसते. काही इंजिनांत ऑइल पंप टायमिंग कव्हरमध्येच असतो. तिथे पंपाचे झाकण उघडून गिअरवर ओरखडे आहेत का तेही पाहावे. हेडमधून ऑइल खाली येण्याची भोके, चेनच्या खोलीचे कोपरे आणि टेन्शनरमागचा ऑइलचा मार्ग टॉर्च लावून तपासावेत.

कव्हरच्या आतल्या बाजूला चेनने चर पाडला असेल, तर तो नखाने चाचपून पाहावा. पुसट ओरखडा चालतो. नख अडकण्याइतका खोल चर कूलंटच्या मार्गाजवळ असेल, तर कव्हर बदलणे हाच चांगला मार्ग आहे. अॅल्युमिनियम कव्हरवर आर्गन वेल्डिंग करता येते, पण उष्णतेने कव्हर वाकते आणि त्याची बसण्याची बाजू पुन्हा सपाट करून घ्यावी लागते. हा सर्व खर्च धरला, तर नवे कव्हर फार महाग पडत नाही.

जुने सिलिकॉन काढताना ग्राइंडरवरची खरखरीत चकती वापरू नये. तिचे कण ऑइलच्या मार्गात जाऊन बेअरिंगला सॅंडपेपरसारखे घासतात. प्लॅस्टिकचा खरवडणारा तुकडा, सॉल्व्हंट आणि धीर एवढे पुरेसे असते. खरवडताना चेंबरचे तोंड धागे न सुटणाऱ्या स्वच्छ फडक्याने झाकावे आणि जोडणीपूर्वी ते फडके आठवणीने काढावे.

जोडणी

आधी स्थिर गाइड बसवावा. त्याचे बोल्ट लहान असतात. सहा मिलिमीटरच्या बोल्टसाठी साधारण ८ ते १२ न्यूटन मीटर एवढाच टॉर्क असतो, आणि तो हातच्या अंदाजाने सहज ओलांडला जातो. म्हणून मॅन्युअलमधील आकडा पाहून टॉर्क पाना वापरावा. नवी चेन ऑइलमध्ये भिजवून तिच्या रंगीत कड्या क्रँक व कॅमच्या स्प्रॉकेटवरील खुणांवर बसवाव्यात. बसवताना स्थिर गाइडच्या बाजूची चेन पूर्ण ताठ असली पाहिजे आणि सगळा सैलपणा आर्मच्या बाजूला यायला हवा. इथे एका दाताचा फरक सर्वांत जास्त वेळा पडतो. ज्या डिझेल इंजिनात उच्च दाबाचा पंपही याच चेनवर असतो, तिथे पंपाच्या स्प्रॉकेटसाठी मॅन्युअलमध्ये वेगळी खूण दिली आहे का ते पाहावे. मग आर्म आणि टेन्शनर लावून टेन्शनरची पिन ओढावी आणि दट्ट्या आर्मवर येऊन बसला हे डोळ्यांनी पाहावे.

आता सर्व लॉकिंग पिना काढून पुलीचा बोल्ट तात्पुरता बसवावा आणि लांब दांड्याने क्रँक चालण्याच्या दिशेने दोन पूर्ण फेरे हळूहळू फिरवावा. कॉम्प्रेशनचा मऊ विरोध जाणवेल. पण एखाद्या जागी कठीण, धातूवर धातू टेकल्यासारखे अडले, तर तिथेच थांबावे, जोर लावू नये. दोन फेऱ्यांनंतर स्प्रॉकेटच्या खुणा आणि पिनांची भोके पुन्हा जुळली पाहिजेत. रंगीत कड्या मात्र जुळणार नाहीत, कारण त्या पुन्हा त्याच जागी येण्यासाठी क्रँकला पुष्कळ फेरे घ्यावे लागतात. हे माहीत नसल्याने अनेक जण बरोबर बसवलेली चेन पुन्हा उघडतात. ही हाताने फिरवण्याची तपासणी एकदा झाल्यावर आणखी एकदा करावी. तिला दहा मिनिटे लागतात.

कव्हरमध्ये नवे ऑइल सील सरळ बसवून त्याच्या ओठाला ऑइल लावावे. सिलिकॉनची धार साधारण दोन-तीन मिलिमीटर जाडीची आणि कुठेही न तुटलेली असावी, विशेषतः ब्लॉक, हेड आणि चेंबर जिथे भेटतात त्या कोपऱ्यांत. जास्त सिलिकॉन म्हणजे जास्त खात्री नव्हे. आत ओघळलेला जादा भाग सुटून शेवटी त्याच जाळीत जाऊन बसतो. सिलिकॉन लावल्यावर कव्हर लगेच चढवावे, बोल्ट टप्प्याटप्प्याने आवळावेत आणि ट्यूबवर लिहिलेला वाळण्याचा वेळ पाळावा. पुलीचा बोल्ट मॅन्युअलमधील टॉर्क व कोनाप्रमाणे आवळावा. तो एकदाच वापरायचा असेल तर नवाच घ्यावा. चेंबर, फॅन, रेडिएटर आणि बेल्ट काढले त्याच्या उलट क्रमाने बसवावेत.

पहिल्यांदा सुरू करताना

नवा फिल्टर लावून मॅन्युअलमध्ये सांगितलेल्या ग्रेडचे ऑइल भरावे. बीएस-६ डिझेल पिकअपमध्ये डीपीएफ, म्हणजे धुरातील काजळी अडवणारा फिल्टर, असेल, तर त्यासाठी योग्य असलेलेच ऑइल हवे. दुकानदाराने हाती दिलेला कोणताही डबा चालत नाही. कूलंट भरून हवा काढावी. त्यानंतर मॅन्युअलप्रमाणे इंधनपुरवठा बंद ठेवून थोडा थोडा वेळ सेल्फ मारावा, मध्ये स्टार्टरला थंड होऊ द्यावे, आणि ऑइलचा दिवा विझल्यावरच इंधन जोडून इंजिन सुरू करावे. पहिले काही सेकंद खडखडाट होईल, कारण नव्या टेन्शनरमध्ये ऑइल भरायचे असते. तो वाढत गेला किंवा थांबलाच नाही, तर इंजिन त्वरित बंद करून कारण शोधावे. इंजिन गरम झाल्यावर गळती पाहावी, स्कॅनरने कोड पुसून पुन्हा वाचावेत आणि काही गाड्यांत लागते ती कॅम-क्रँक शिकवण्याची प्रक्रिया करून घ्यावी.

माल भरण्यापूर्वी गाडी काही दिवस रिकामी किंवा हलक्या भाराने चालवावी. सुमारे ५०० किलोमीटरनंतर ऑइल व फिल्टर पुन्हा बदलावेत आणि तो फिल्टरही कापून पाहावा. राहून गेलेले बारीक कण या फेरीत बाहेर येतात. पुढील ऑइल बदल ठरवताना किलोमीटरसोबत इंजिन चालल्याचे तासही धरावेत. बाजार समितीच्या रांगेत रोज उभ्या राहणाऱ्या गाडीसाठी मॅन्युअलमध्ये कठीण वापराचे जे कमी अंतर दिलेले असते, तेच लागू आहे. काढलेले जुने ऑइल आणि कूलंट गटारात किंवा ओढ्यात न सोडता वेगवेगळ्या डब्यांत भरून वापरलेले ऑइल घेणाऱ्या अधिकृत व्यावसायिकाकडे द्यावे, आणि बदललेल्या भागांचे क्रमांक, तारीख व त्या वेळचे किलोमीटर गाडीच्या कागदपत्रांत लिहून ठेवावेत.